अ‍ॅमीटरचा काटा

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरच्या टोपीत, स्पीडोमीटरच्या शेजारी, एक छोटी तबकडी असायची. मधोमध शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे आणि सतत थरथरणारा एक काटा. हा अ‍ॅमीटर. बॅटरीत वीज भरते आहे की तिच्यातून उपसली जाते आहे, एवढंच तो सांगायचा. रात्री घाट चढणाऱ्याला त्याहून जास्त काही विचारायचंही नसायचं. दिवा लावून दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढायला लागलं की काटा उण्याकडे कलायचा. इंडिकेटर दिला की प्रत्येक लुकलुकीला दचकायचा. तो उण्यात रेंगाळला, तर पुढच्या काही वळणांत दिवा पिवळा पडत जाणार आणि कॉइल इग्निशनच्या गाडीत त्यामागोमाग इंजिनही आचके देणार, हे मुरलेल्या स्वाराला काट्यावरूनच कळायचं.

मोटारसायकलींचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो. किती सीसी, किती वेग, कुठली शर्यत जिंकली. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या तक्रारी मात्र शंभर वर्षं दोनच राहिल्या: रात्री पुढचं दिसत नाही, आणि सामान लादलं की गाडी रस्ता धरत नाही. यांवर कारखान्यांनी काम केलंच, पण नाना पेठेतल्या किंवा करोल बागेतल्या गॅरेजवाल्यांनी आणि ऑटो इलेक्ट्रिशियनांनी केलेलं काम त्याहून कमी नाही. त्याची नोंद मात्र फारशी कुठे नाही.

अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींना वीज होती ती ठिणगीपुरती. उजेडासाठी सायकलीचाच दिवा: आधी रॉकेलचा, मग कार्बाइडचा. कार्बाइडच्या दिव्याचे कप्पे दोन. वरच्यात पाणी, खालच्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे. पाणी थेंबथेंब झिरपलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघे आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळे. १८९२ मध्ये विजेच्या भट्टीत कार्बाइड तयार करण्याची रीत सापडली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे दिवे जगभर पसरले. उजेड खरोखर चांगला असे, त्रास बाकीचाच. चाक खड्ड्यात आदळलं की ज्योत विझायची, पाण्याची वाट तुंबायची, आणि तळाशी साचलेला चुन्याचा लगदा खरवडून काढावा लागायचा. वास तर असा, की दिवा कुठे ठेवला आहे ते अंधारातही सापडावं.

मोटारसायकलीवर विजेची पहिली मोठी उडी १९१४ मध्ये मारली गेली आणि ती फसली. अमेरिकेतल्या इंडियन या मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीने त्या वर्षी 'हेंडी स्पेशल' नावाची गाडी आणली. विजेचे दिवे तर होतेच, पण तिला किकही मारावी लागत नसे, ती विजेवर सुरू होई. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिच्यात होत्या. गाडी जेवढी वीज तयार करी, तिच्यापेक्षा खर्च जास्त. बॅटऱ्या उतरत, परत नीट भरत नसत, आणि ते मॉडेल त्याच वर्षी गुंडाळावं लागलं. मिळकत आणि खर्च यांचा हा हिशेब तेव्हापासून प्रत्येक जास्तीच्या दिव्यामागे लागलेला आहे. क्रॅश गार्डवर चार दिवे लावून हँडलला मोबाइलचा चार्जर जोडणाऱ्या आजच्या प्रवाशाचीही त्यातून सुटका नाही.

इंग्लंडमध्ये हा हिशेब जरा बेताने जुळवला गेला. बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीने १९२० च्या दशकात मॅग्नेटो आणि डायनॅमो एकाच जोडणीत बसवून 'मॅगडायनो' आणला. ठिणगीची वीज वेगळी, दिव्याची वेगळी, त्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चालू राही. दिव्यांसाठी सहा व्होल्ट. हेडलाइटचा बल्ब साधारण ३० वॉटचा, डिपर २४ वॉटचा.

सहा व्होल्टची अडचण नेमकी काय, ते आकड्यांतच बघावं. ३० वॉटच्या बल्बला सहा व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. स्विच, गंजलेलं अर्थिंग आणि दोन-चार जॉइंट मिळून वाटेत एक दशांश ओहमचा अडथळा आला, तर अर्धा व्होल्ट तिथेच खर्च होतो. अर्धा व्होल्ट म्हणजे सहातला बारावा भाग. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, त्याच्या साधारण साडेतीनच्या घाताने घटतो. त्यामुळे आठ टक्के व्होल्टेज गेलं की उजेडाचा पाव हिस्सा गेला. तोच ३० वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर चालवला तर लागतात अडीच अँपिअर, त्याच वायरीत पाव व्होल्ट हरवतो, आणि उजेड सहा-सात टक्केच कमी होतो. सहा व्होल्टच्या गाड्यांचा दिवा मिणमिणता असे, त्यात बल्बाचा दोष थोडा आणि वायरिंगचा जास्त होता. जुने इलेक्ट्रिशियन गिऱ्हाईक 'मोठा बल्ब टाका' म्हणून आलं, तरी आधी सँडपेपर काढून अर्थिंगचा बोल्ट घासत. त्या घासण्याला हे गणित होतं.

उजेडाचं हे असं चाललेलं असताना चाकांखालीही बरंच घडत होतं. तेल भरलेला, दणका शोषणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर आणला. मागचं चाक मात्र बहुतेक गाड्यांत अजून चासीला थेट जखडलेलं होतं. मागे स्प्रिंग दिली तर चाक नाचेल, पकड सुटेल, असं भल्याभल्यांचं मत होतं. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कारखान्यात टोनी विल्सन-जोन्स यांनी ते मानलं नाही. १९४८ मध्ये बुलेटच्या नव्या नमुन्याला त्यांनी मागे चाक धरून वरखाली हलणारा चिमटा आणि दोन शॉकअप दिले. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमो इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीत ब्रिटनचा विजेता संघ उतरला, त्यात या बुलेट होत्या. १९४९ मध्ये गाडी बाजारात आली. भारतीय रस्त्यांवर पुढची पन्नास-साठ वर्षं जी बुलेट धावली, तिची चाल तिथे ठरली: १९ इंची चाकं, १३७० मिलिमीटरचं दोन चाकांमधलं अंतर, जड फ्लायव्हील. सरळ रस्त्यावर ही गाडी रुळावर असल्यासारखी जाते. वळणात शिरायला मात्र वेळ घेते, तिला आधी सांगावं लागतं.

१९५४ मध्ये रेडिचने हेडलाइट, स्पीडोमीटर आणि अ‍ॅमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या एका ओतीव टोपीत बसवले आणि तिला 'कॅस्केट' नाव दिलं. टोपीच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा दिवा. आपल्याकडे त्यांना टायगर लॅम्प म्हणतात. बुलेटचा चेहरा म्हणून आज जो ओळखला जातो, तो या दोन डोळ्यांमुळे. रस्ता उजळण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतं, ते पार्किंगचे दिवे. पण डायनॅमोने दगा दिला आणि बॅटरी शेवटच्या घोटावर आली, की मोठा दिवा बंद करून या दोन काजव्यांवर गाव गाठलेले लोक पुष्कळ. जोडीच्या दिव्यांचा भारतातला इतिहास सांगायचा, तर त्याची सुरुवात इथूनच करावी लागेल.

त्याच सुमारास भारत सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. मद्रास मोटर्स आधीपासून गाड्या आयात करत होती. १९५५ मध्ये तिच्या आणि रेडिचच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बुलेट बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. मद्रासची गाडी मात्र मूळच्या आराखड्यात फारसा बदल न होता चालू राहिली, इतकी की १९७७ पासून ती परत इंग्लंडला निर्यात होऊ लागली. आराखडा थांबला, पण रस्ते, वाहतूक आणि माणसांचे प्रवास थांबले नाहीत. मधलं अंतर गॅरेजांनी भरून काढलं.

रात्रीच्या उजेडाशी आपल्याकडच्या माणसांचं नातं तेव्हा वेगळंच होतं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउटसाठी वाहनांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करावा लागे. युद्धं संपली तरी काच काळी करण्याची पद्धत राहिली. समोरच्याचे डोळे दिपू नयेत, हे तिचं नवं कारण. ज्यांनी ती पाळली त्यांचा हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा होत असे. वाटी असलेल्या बल्बमध्ये डिपरचा उजेड परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावरूनच रस्त्यावर येतो. म्हणजे काळ्या रंगाने बंद केला जाई तो समोरच्याला न दिपवणारा उजेड. आणि अप्परचा झोत निम्मा का होईना, चालूच राही.

स्कूटरवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. बॅटरी नसलेल्या जुन्या स्कूटरींचा दिवा थेट मॅग्नेटोच्या कॉइलवर चाले. रेस दिली की उजेड, सोडली की अंधार. खड्डा दिसावा म्हणून वेग वाढवायचा, असा तो व्यवहार. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी क्लच दाबून इंजिन रेस करत उतरणारे स्कूटरस्वार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

बारा व्होल्ट आले, मग हॅलोजन आला. हॅलोजन दिव्याचा शोध अमेरिकेत १९५९ चा, आणि अप्पर-डिपर एकाच बल्बात असलेला एच-४ हा १९७१ चा. ६० वॉट अप्पर, ५५ वॉट डिपर. तो आपल्याकडच्या जुन्या बुलेटच्या टोपीत बसवायला सुरुवात झाली आणि लगेच त्याहून मोठा, १०० आणि ९० वॉटचा बल्बही बाजारात मिळू लागला. शंभर वॉट म्हणजे बारा व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर. हा सगळा प्रवाह मूळच्या बारीक वायरीतून, हँडलवरच्या प्लास्टिकच्या स्विचमधून जायचा. स्विच वितळायचा, कनेक्टर काळा पडायचा, कधी सीटखालून जळका वास यायचा.

त्यावरचा इलाज म्हणजे रिले. खरं तर ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी, तारायंत्राच्या काळातली: थोड्याशा विजेने लोहचुंबक चालवायचा आणि त्याने मोठ्या विजेचं दार उघडायचं. हँडलवरच्या स्विचने आता फक्त हुकूम द्यायचा. दिव्याची खरी वीज बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून, थेट दिव्याकडे. रिलेच्या पायांवर जर्मन मानकाचे आकडे असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ ला स्विच आणि अर्थ. इंग्रजी न येणारा इलेक्ट्रिशियनही हे चार आकडे पाढ्यासारखे म्हणतो. जोडीच्या दिव्यांचं वायरिंग नव्याने करायचं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच: मूळ हार्नेसला हात न लावता रिले, फ्यूज आणि जाड वायर यांची वेगळी वाट काढायची, आणि जॉइंट पिळून टेप गुंडाळण्याऐवजी झाळायचा. ज्यांनी ते नीट केलं त्यांची गाडी पावसाळ्यातही दगा देत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत एक जास्तीचा सापळा होता. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक चासीला जोडलेलं असे. नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तू सवयीने उलट्या जोडल्या की त्या क्षणात जळत.

मनाली-लेह रस्ता १९८९ मध्ये पर्यटकांना खुला झाला आणि भारतीय टूरिंगला तिची खरी परीक्षा मिळाली. वाटेतल्या टांडीच्या पेट्रोल पंपावरची पाटी बरीच वर्षं प्रसिद्ध होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. म्हणून गाडीवर पेट्रोलचे कॅन आले, तंबू आले, गरम कपड्यांच्या बॅगा आल्या. सगळं मागच्या कॅरिअरवर, मागच्या आसाच्याही मागे बांधलं गेलं. मग गाटा लूप्सच्या २१ वळणांवर पुढचं चाक हलकं होऊन वळायला नकार देऊ लागलं, आणि मोरेच्या मैदानात आडव्या वाऱ्यात हँडल डुगडुगू लागलं.

मेकॅनिकांनी यावर केलेले उपाय दिसायला किरकोळ वाटतात, पण त्यांत समज खोल आहे. पहिला हात कोनसेटला. बुलेटच्या मानेत सुट्या छऱ्यांची बेअरिंग असत. छऱ्यांनी वाटीला खळगे पाडले की हँडल सरळ रेषेत अडकल्यासारखं होतं. तिथे टेपर बेअरिंग बसवलं की निम्मी तक्रार जाई. मग चिमट्याचे बुश. ते झिजले की मागचं चाक स्वतःच्या मर्जीने वळतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात कुठल्याही लेथवर नवे बुश वळवून मिळत. मग फोर्कचं तेल बदलायचं, स्पोक ताणून रिम सरळ करायची, शॉकअपची स्प्रिंग सामानाच्या मानाने कडक करायची. आणि सामान पुढे आणायचं, खाली आणायचं. पाच लिटर पेट्रोल म्हणजे पावणेचार किलो. ते कॅरिअरच्या टोकाला नको, लेग गार्डला किंवा सीटच्या बगलेत हवं. यांतलं काहीही दिखाऊ नव्हतं. गाडीचा स्वभाव मात्र यानेच बदलायचा.

आता दिवा आणि चाल यांचं नातं. मागे सामान लादल्याने शॉकअप ४ सेंटिमीटर दबले, तर १३७० मिलिमीटरच्या गाडीचं नाक दीड अंशाहून थोडं जास्त वर उचललं जातं. ऐकायला हे किरकोळ. पण ५० मीटरवर तोच झोत जवळजवळ दीड मीटर वर जातो. रस्त्यासाठी नीट लावलेला डिपर समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत घुसतो आणि स्वाराच्या पुढचा खड्डा अंधारातच राहतो. घाट उतरताना उलटं. वळणाआधी ब्रेक दाबला की फोर्क खाली बसतो आणि उजेड चाकापाशी गोळा होतो, नेमका तेव्हा, जेव्हा वळणाचं टोक दिसायला हवं. बीएमडब्ल्यूने १९९३ मध्ये आर ११०० आरएसवर टेलिलीव्हर फोर्क आणला, त्याचा एक मोठा गुण ब्रेकमध्ये नाक न बुडणं हाच. आणि वळणात गाडी कलली की झोतही कलतो, वळणाच्या आतला रस्ता काळोखात जातो. त्यासाठी त्याच कंपनीने २०११ मध्ये के १६०० वर गाडीच्या कलण्याप्रमाणे फिरणारा दिवा दिला. आपल्याकडे तो परवडणारा नव्हता. क्रॅश गार्डवर दोन दिवे किंचित बाहेरच्या बाजूला वळवून लावण्याची पद्धत त्याच गरजेतून रुजली. आंबोलीच्या धुक्यात त्यांचा फायदा आणखी. पिवळ्या रंगाने धुकं भेदलं जातं हा समज खरा नाही, कारण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात. फायदा होतो तो दिवा खाली असल्याने. धुक्यावरून उजेड परत डोळ्यांत येत नाही.

एलईडीने विजेचा जुना हिशेब बदलला. निळा एलईडी साध्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पांढरा उजेड त्या निळ्यातूनच येतो. ५५ वॉटच्या दोन हॅलोजन दिव्यांना जिथे नऊ अँपिअर लागत, तिथे २० वॉटच्या दोन एलईडींचं साडेतीनच्या आत भागतं. आता पहिल्यांदाच असं झालं, की गाडीची वीज पुरते आणि तरी उजेड उरतो. कारखान्यांनीही उशिरा का होईना, दुसऱ्या तक्रारीची दखल घेतली. २०१६ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन पुढे २१ इंची चाक, २०० मिलिमीटर खेळणारा फोर्क आणि मागे एकच शॉकअप घेऊन आली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू राहू लागला. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस आलं. अ‍ॅमीटर मात्र नव्या तबकड्यांतून गेला. वीज कमी पडते आहे हे आता बहुतेकांना कळतं ते सकाळी स्टार्टर न फिरल्यावर.

उरलेल्या उजेडाचं काय करायचं, हे अजून नीट ठरलेलं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून पुण्याचे स्वार अजूनही खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यानेच जातात. तिथे शनिवारी रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलींचे पांढरे झोत पाहिले, की काळ्या रंगाची ती जुनी पद्धत परत यावी असं ट्रकवाल्यांना वाटत असेल. त्यांचा राग रास्त आहे. जोडीचे दिवे लावणाऱ्यांनी एवढं तरी करावं: त्यांना वेगळा स्विच द्यावा, समोरून वाहन दिसताच ते बंद करावेत, आणि दिव्यांचा कोन गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीवर लावू नये. निघण्याच्या आदल्या रात्री सगळं सामान बांधून, मागच्या माणसालाही सीटवर बसवून, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून लावावा.